इतर काही निरीक्षण असल्यास

फॉर्म दोन आहेत.
घरचा पिवळा, शाळेचा पांढरा.
गायखे मॅडम म्हणाल्या, एकमेकांचा बघू नका,
आधी आपापला भरा.

प्रश्न चौथा. कपड्यांच्या शिवणीचा, लेबलचा त्रास होतो का?
नेहमी, बऱ्याचदा, कधीकधी, क्वचित, कधीच नाही.

मी एकोणीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये कागद तपासतोय.
गठ्ठ्यात एक ताव हलका निघाला
तर डोळ्यांच्या आधी अंगठ्याला कळतं.
तरी निहारचा मोजा उलटा करून
बोटांपाशीची शिवण चाचपायला
हा फॉर्म हातात यावा लागला.
होती. तांदळाच्या कणीएवढी.
तीन वर्षं रोज सकाळी तो तिच्यासाठी रडला
आणि मी म्हणालो, रिक्षा आलीय, नाटकं बंद.

प्रश्न अकरावा. मोठ्या आवाजांना घाबरतो का?
वृषाली म्हणाली, नेहमी. मी म्हणालो, कधीकधी.
ती म्हणाली, तू दुपारपाळीला असतोस, तुला काय माहीत.
मिक्सर, नेहमी.
कुकर, नेहमी. तिसऱ्या शिट्टीला तो कॉटखाली पोचलेला असतो.
रंगपंचमीला मामाने रहाडीवर नेलं होतं,
त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही.

पण देवळालीच्या तोफा?
सराव असतो त्या दिवशी खिडकीची काच थरथरते,
वरणावर वर्तुळ उठतं,
खालच्या मजल्यावरचं कुत्रं जिन्याखाली शिरतं
आणि निहार फरशीला गाल लावून आडवा होतो,
डोळे मिटून, पुढच्या धमाक्याची वाट बघत,
पाठीवरून कुणी हात फिरवत असल्यासारखा.
याला चौकोन नाही.

बागूल बाईंचा फॉर्म आला.
सगळ्या खुणा ‘कधीच नाही’खाली,
प्रार्थनेला उभ्या केल्यासारख्या एका रांगेत.
खाली शेरा: गुणी मुलगा. काही त्रास नाही.
वृषाली म्हणाली, हा दुसऱ्या कुणाचा आलाय.
नाव पुन्हा वाचलं.
निहार भास्कर गांगुर्डे. दुसरी ब.

गुरुवारी रजा टाकली.
शेवटच्या बाकावर गुडघे दुमडून बसलो.
पंखा फिरताना मध्येच कट्ट करतो.
ट्यूबलाइट गुणगुणते.
व्हरांड्यात कुणाचा तरी डबा पडला, झाकण बराच वेळ फिरत राहिलं,
आणि त्यावरून बेचाळीस तोंडांनी साताचा पाढा.
मला पाणी प्यावंसं वाटलं. मला बाहेर जावंसं वाटलं.
मी मोठा माणूस आहे, तरी.

निहार ताठ बसला होता.
बाकाखाली एका हाताचं नख
दुसऱ्या हाताच्या तळव्यात रुतवून.
शाळेची घंटा म्हणजे रुळाचा तुकडा.
ती व्हायच्या आधीच त्याचा कान खांद्याला टेकतो.
मागून बाई हळूच म्हणाल्या,
मला वाटायचं, मान अवघडते त्याची.

साडेपाचला आमच्या भिंतीवर जे दप्तर आपटतं
ते इथून, सकाळी अकराला निघालेलं असतं.

मॅडमनी दोन्ही फॉर्म शेजारी ठेवले.
कोणता चूक, ते सांगितलं नाही.
उलट मलाच विचारलं,
त्याला काय आवडतं, ते कुठे लिहिलंय?

शेवटी दोन ओळींची जागा होती.
मी तोफांचं लिहिलं. फरशीचं लिहिलं.
गोधडी तीनपदरी करून अंगावर टाकली की झोपतो, ते लिहिलं.
समासात गेलो, कागद फिरवून कडेने लिहिलं.
प्रेसमध्ये असं कुणी केलं असतं
तर ताव बाद झाला असता.

परवा बागूल बाईंचा फोन आला.
तो पांढरा फॉर्म परत मिळेल का,
थोडी खाडाखोड करायचीय.

मोजे आता उलटे घालतो, शिवण बाहेर.
रिक्षावाला हसतो.
निहारही त्याच्याकडे बघून हसतो,
त्याला वाटतं, मोजे त्यालाही आवडले.