पिशवीभर, दोन पौंड

ग्रिम्सबीत, चर्चच्या मागच्या हॉलमध्ये
लायब्ररीनं काढून टाकलेली पुस्तकं:
पन्नास पेन्सला एक, पिशवीभर दोन पौंड.
बेरिल म्हणते, बायकांच्या आठवणी खिडकीखाली,
बागकाम आणि कुत्री यांच्या मधे.

मी खाली बसते. गुडघे कुरकुरतात,
त्यांचंही बरोबर आहे.

निवडायची माझी एक रीत आहे.
पहिलं पान वाचत नाही; तिथं सगळ्याच जणी
केस विंचरून बसलेल्या असतात.
मधलं कुठलंतरी उघडते, जिथं आई अंथरुणाला खिळलीय
किंवा भाडं थकलंय,
आणि बघते, बाई स्वतःला किती सूट देते.
पाठीवर 'धीरोदात्त' छापलं असेल तर परत ठेवते.
कुणाचं बसचं तिकीट मधेच खूण म्हणून राहिलं असेल
तर घेतेच. तिथून पुढचं मी वाचायचं,
असं आमचं ठरलेलं, त्या अनोळखी वाचकाचं आणि माझं.

आज पिशवीत: डोंगरावर मेंढ्या पाळणारी,
तुरुंगात शिवण शिकवणारी,
आणि एक नर्तकी, नाचाबद्दल फार बोलत नाही म्हणून.

तळाशी एक पातळ, तारेच्या स्प्रिंगमध्ये बांधलेलं.
एनिड कॉपलँड. मासळीच्या धक्क्यावर सत्तावीस वर्षं.
चाळीस प्रती, स्वखर्चानं.

मधलं पान उघडलं.

'बोटं सुजायची. फ्रीमन स्ट्रीटच्या केमिस्टकडे
एक इंडियन मुलगी होती, हिरव्या स्वेटरमधली.
एका हिवाळ्यात माझ्या हातांकडे बघून
तिनं मलमाचे पैसे घेतले नाहीत.
तिच्या बिल्ल्यावरचं नाव मला कधी वाचता आलं नाही.'

आणि पुढच्याच ओळीत
ट्रॉलर परत न आल्याचा दिवस सुरू.

एकतीस वर्षं त्या काउंटरमागं मीच.
दुसरी इंडियन तिथं नव्हतीच कधी.
हात आठवले, पुष्कळ आठवले,
लाल, मिठानं चिरलेले,
चिल्लर उचलायलाही न वळणारे.
त्यातले एनिडचे कुठले, ते नाही.
तो हिवाळा नाही. गल्ल्यात कमी पडलेले पैसे
मी माझ्या पर्समधून भरले की काय, तेही नाही.

बेरिलला विचारलं, ही बाई?
'गेली. ईस्टरच्या आधी.'
आणि सुटे द्यायला बिस्किटांचा डबा उघडला.

घरी चहा गार झाला.
पाच ओळी, पुन्हा पाच ओळी.
मेंढ्यावाली, नर्तकी तशाच पिशवीत.
मग चष्मा पुसला, ड्रॉवरमधून पेन्सिल शोधली
आणि समासात, बारीक अक्षरात, मराठीत:

हिरवा नव्हे. मोरपंखी.
आईनं विणून पाठवलेला. डावी बाही लांब होती.