अजून वैध नाही

पहाटेचे चार. क्लाक्सविकच्या लिलावघरात
मासे बर्फावर आडवे, आणि भिंतीवरचा पडदा
काळा ठिक्कर.
डाव्या कोपऱ्यात एक रेघ उघडझाप करते आहे,
मला ओळखत नसल्यासारखी.

सहाला लिलाव. बोटींची नावं, पेट्या, वजनं, भाव,
सगळं याच पडद्यावर यायचं.
बाहेर ब्रेस्तिर बूट आपटतो: "झालं का, मार्युन?"
त्याच्यापेक्षा त्याच्या कॉडला जास्त धीर आहे.

कंट्रोल, आल्ट, एफ-तीन.
चित्रं गेली तरी अक्षरं राहतात, हे टोकीनं शिकवलेलं.
रात्री कर्नल नवा झाला, ग्राफिक्सचा ड्रायव्हर जुनाच राहिला,
दोघांचं बोलणं बंद.
नवा ड्रायव्हर मागवावा
तर चारशेचार, चारशेचार.
ज्या दारावर थाप मारावी
तिथलं बिऱ्हाड हललेलं.

पत्त्यांची यादी उघडली. टोकीची यादी.
मधूनमधून हॅश लावून त्यानं लिहिलेलं,
जे यंत्र वाचत नाही:

# डेन्मार्कचा सर्व्हर गुरुवारी रेंगाळतो. कॉफी कर.
# खालचा पत्ता बंद ठेवलाय. काढू नको, कधीतरी लागेल.
# मार्युन, पासवर्ड चिकटपट्टीवर लिहू नकोस.

लिहिला होता. अजून आहे.

बंद पत्त्याआधीचा हॅश मी पुसला,
जुन्या आवृत्त्यांच्या कोठाराचं दार उघडलं.
आत पाऊल टाकते तोच: सही अजून वैध नाही.
मुदत संपलेली नव्हे. अजून नाही.
म्हणजे उद्याची सही कुणी आजच करून ठेवली?

मग तारीख विचारली.
आतली नाण्याएवढी बॅटरी कधीच मेलेली,
आणि यंत्राच्या लेखी चालू होता
तीन वर्षांपूर्वीचा मार्च.

त्या मार्चात टोकी या शेजारच्या खुर्चीत बसून
वाऱ्यावर वाळवलेलं मटण चाकूनं कापत म्हणायचा,
"आधी घड्याळ बघ, पोरी. बाकीचं मग."

जरा वेळ मी तारीख बदलली नाही.
ब्रेस्तिरनं पुन्हा दार वाजवलं.
बदलली.

पॅकेजं आली, एकेक टक्का करत.
पडदा उजळला, तोही भलत्याच मापात:
अक्षरं वीतवीतभर, बोटींची नावं अर्धी,
हॅडॉकचा नुसता 'हॅ'.
ब्रेस्तिर मोठ्यानं वाचून दाखवत राहिला, हॅ, हॅ, हॅ.
सहाला सात मिनिटं कमी होती.

माप लिलावानंतर बघितलं.
त्याआधी यादीच्या तळाशी एक ओळ घातली:

# बॅटरी आणायची आहे. चिकटपट्टी काढली.