एक कोटी फेरे

उद्यमबागेत, शेवटच्या गल्लीत, पत्र्याच्या शेडमागे
आमची तपासणीची खोली.
एक टेबल, एक भिंग, कधीपासून बंद असलेला पंखा
आणि एक यंत्र, जे बंद नसतं.
करंगळीएवढी ॲल्युमिनियमची कांडी,
तिच्या टोकाला टांगलेलं वजन,
मिनिटाला तीन हजार फेरे.
फेऱ्यागणिक ती एकदा ताणली जाते, एकदा दाबली जाते.
तिला कुणी मारत नाही.
फक्त फिरवतात.
एक कोटी फेरे टिकली तर पास.
एक कोटी म्हणजे दोन दिवस, दोन रात्री, वर साडेसात तास.

कांडी मष्णू अनगोळकरच्या भट्टीतली.
पाचशे चाळीस अंश, आठ तास.
धातू वितळत नाही, पण आतल्या आत
तांबं आणि मॅग्नेशियम विरून जातं,
सिलिकॉनच्या सुया आपली टोकं सोडतात,
राळ्याच्या दाण्यांसारख्या गोल होतात.
मग दार उघडतं.
मष्णू मोजतो : एक, दोन, तीन,
साखळीवरचा इराप्पा : ओंदु, एरडु, मूरु,
आणि सात नि एळु बरोबरच
सत्तर अंशांच्या पाण्यात बुडतात.
आठ झाले तर दोन्ही भाषांत उशीरच.

पाण्यातून निघालेला माल इतका मऊ
की वाकडा झाला असेल तर लाकडी हातोडीनं सरळ होतो.
त्यानंतर त्याला मंद आचेवर ठेवायचं.
त्याला आम्ही पिकवणं म्हणतो.
लवकर काढला तर कच्चा,
विसरून राहिला तर पुन्हा मऊ, आणि ते मऊपण
परत कशानं घालवता येत नाही,
पहिल्यापासून सगळं करावं लागतं.

माझे वडील खानापूरचे कुंभार.
भट्टीतून निघालेलं मडकं ते बोटाच्या पेरानं वाजवायचे.
तडा असला की मडकं लगेच बोलायचं.
मी कांडी वाजवून पाहिली आहे, लपून, एकदोनदा.
छान वाजते.
काहीच सांगत नाही.

मंगळवारी, एक्केचाळीस लाखांवर, ती तुटली.
वजन फळीवर पडलं, तेवढाच आवाज.
भिंगाखाली धरली :
तुटीवर शिंपल्यावरच्यासारख्या रेघा,
सगळ्या एकाच ठिकाणाहून निघालेल्या.
तिथं, कातडीच्या जेमतेम खाली, एक भोक,
खसखशीच्या अर्ध्या दाण्याएवढं.
ओतकामाच्या दिवशी हवेत ओल असणार,
धातूनं ती पिऊन ठेवली.
भट्टीनं सुया गोल केल्या.
भोक होतं तिथंच राहिलं.

मष्णू आला, खांद्यावर टॉवेल.
"किती गेली गं?"
"एक्केचाळीस."
"खरं भट्टी बरोबर होती न्हवं?"
"बरोबर होती. हे आधीचं आहे."
त्यानं भिंगात डोळा घातला, बराच वेळ.
मग म्हणाला, "वजन कमी लावली असतीस तर?"
"उशिरा तुटली असती."
"अजून कमी?"
"अजून उशिरा."

मी सांगितलं त्याला,
लोखंडाची एक रेघ असते.
तिच्या खालचा भार ते कितीही सोसतं,
मोजणारा थकतो, लोखंड नाही.
ॲल्युमिनियमला ती रेघ नाही.
हलक्यातलं हलकंसुद्धा
त्याच्या आत कुठेतरी मांडून ठेवलेलं असतं.

तो उजवा खांदा चोळत होता.
एकतीस वर्षं तोच दांडा, तेच दार, दिवसाला चाळीस वेळा.
"दांडा काय जड न्हवता कधी,"
तो म्हणाला, आणि हसला.

मी पुढची कांडी बसवली, आकडा शून्यावर आणला.
तो पहिल्या हजार फेऱ्यांपुरता थांबला.
वीस सेकंद.
बाहेरून इराप्पाची हाक आली,
"बारो मष्णू, ऊटा!"
डबा खिडकीत होता. त्यानं तो डाव्या हातानं उचलला.