डावा कान

अंगावर लोखंड आहे का, तिने विचारलं.
चावी, करदोटा, कवळी, अंगठी?
मी म्हटलं, बाई, आमच्या अंगावर नसतं लोखंड,
अंगात असतं.
छत्तीस वर्षं ग्राइंडरसमोर काढली मिरकरवाड्यात,
एखादा कण डोळ्यात राहिलाही असेल.
ती हसली नाही.
आधी डोळ्यांचा एक्स-रे काढला, मग आत घेतलं.
अंगठी साबणाने निघेना, शेवटी दोरा गुंडाळून काढली.
खालचं बोट पांढरंफटक,
लग्नानंतर उजेड न बघितलेलं.

तोंडावर पिंजरा बसवला,
चिंबोऱ्यांना लावतात तसला.
हातात रबरी फुगा: घाबरलात तर दाबा.
कानांत बोळे.
डाव्या कानाला बोळा काय नि नसला काय.
गणपतीपासून त्यात एकच शिटी चालू आहे, बारीक,
लांब कुणाच्या तरी घरी
गॅसवर कुकर विसरून माणसं लग्नाला गेल्यासारखी.
तिच्यासाठीच तर हा सगळा खटाटोप.

हलू नका पालशेतकर, भिंतीतून आवाज आला.
मग सुरू झालं.

पहिला ठोका टॅपेटचा. सैल आहे,
पाव फेरा आवळायला हवा, मी मनात म्हटलं.
मग घण. मग रिकाम्या पिंपावर घण.
मग खडखड, सायलेन्सर फुटल्यासारखी, पण तालात.
आणि मग एक आवाज असा
की मला तो ओळखताच येईना.
लाज वाटली.
जेटीवर चहा पिता पिता सांगणारा मी,
मजगावकरांच्या बोटीचं नोझल गेलंय,
तेव्हा बोट अजून खाडीच्या तोंडाशी असायची.
आता माझ्याच डोक्याभोवती इंजिन फिरतंय
आणि बिघाड कुठे ते मला ऐकू येत नाही.

किती वेळ गेला कोण जाणे.
नाकाचा शेंडा खाजत होता.
डोळ्यांपुढे पांढरा पत्रा, एक वीत वर.
तेवढ्यात ध्यानात आलं:
शिटी नाही.
एवढ्या गोंगाटात ती बुडून गेली होती, चक्क बुडाली होती.
सहा महिन्यांत पहिल्यांदा
डावीकडे कुणी नव्हतं.
मी पडून राहिलो, मनात म्हटलं, वाजू दे मेल्या,
थांबू नको.

थांबलं.
शिटी आली, चपला काढून घरात यावं तशी.
पण तिच्यामागे आणखी काहीतरी होतं,
उजव्या कानाला, बोळ्यातूनही लागणारं,
चिर्प… चिर्प… चिर्प…
पाचव्याला किंचित अडखळून.
पुढची सगळी घणघण
मी त्या अडखळण्याची वाट बघत काढली.

बाहेर आल्यावर तिला विचारलं,
तो मागे चिर्प चिर्प करतो, तो कोण?
थंड ठेवणारा पंप, ती म्हणाली, चोवीस तास चालतो.
रात्री, कुणी पेशंट नसताना?
तेव्हाही. बंद करायचाच नसतो.
म्हटलं, व्हॉल्व बघून घ्या त्याचा. पाचवा ठोका उशिरा पडतोय.
तिने माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे,
आणि उभ्या उभ्या मोजायला लागली.
एक, दोन…

रिपोर्ट गुरुवारी.
अंगठी खिशात ठेवली, घातली नाही.
रिझवान रिक्षा घेऊन उभा होता,
काहीतरी म्हणाला डाव्या बाजूने.
मी वळसा घालून त्याच्या उजवीकडे आलो.
काय?
काही नाही मिस्त्री, तो म्हणाला,
म्हटलं, खूप आवाज होता का आत?