मिस्सेची वही

चर्चच्या कचेरीत वही माझ्याकडे असते.
रकाने तीन : तारीख, कोणाच्या आत्म्यासाठी, मिळाले रुपये.
अकरा वर्षं लिहितेय.
गावठाणातल्या मेलेल्यांना माझं अक्षर
आता ओळखीचं झालं असेल.

मंगळवारी नाताल मावशी आली,
लुगडं घोट्याच्या वर खोचलेलं, हातात पन्नासची घडी.
लिही, म्हणाली.
कोणासाठी?
पाटलाच्या विहिरीसाठी.

मावशी, विहिरीला आत्मा नसतो.
तुला काय ठाव? तू प्यालीस तिचं पाणी?

मग सांगत बसली. सांगत कसली, हिशेब देत होती.
तेरा डंपर माती. पायरीवर बसून मोजले.
चौदावा आला तोवर विहीरच उरली नव्हती,
तो भरलेलाच परत गेला.
माझ्या लग्नाला उंबराचं पाणी तिच्यातलं,
घुमट वाजवत आणलेलं. पाच पोरींच्या लग्नांनाही तिच्यातलंच.
धाकट्या नातीच्या वेळी
बिसलेरीचा कॅन ठेवला पाटावर,
त्याच्या गळ्यात झेंडूची माळ.
फोटो चांगले आले.

फादर उर्बन आतल्या खोलीतून ऐकत होते.
ते वसईकडचे. त्यांच्या केळीच्या वाडीतून रस्ता गेलाय,
त्याबद्दल ते बोलत नाहीत.
दारात येऊन म्हणाले, घे लिहून.
रकाना तोच राहू दे.

रविवारी सव्वासहाची मराठी मिस्सा.
माणसं चाळीस, पंखे बावीस.
प्रवचनाच्या वेळी फादर वही घेऊन उभे राहिले.
पाटलाची विहीर, म्हणाले.
आणि थांबले.
इतके थांबले की छपरावरून दोन विमानं उतरून गेली.

मागच्या बाकावर इनास किणी उठला.
कुरुसाजवळचा फणस, म्हणाला.
कोणी म्हणालं, आमची ओटी.
कोणी एका शेताचं नाव घेतलं
जे आता नुसता सर्व्हे नंबर आहे.
पास्कोल उठला. चाळीस वर्षं लग्नांत कर्णा वाजवलेले ओठ
नुसतेच हलले. बसला.

दर नावामागून आम्ही म्हणत होतो,
शांतीत विसावा लाभो.
पहिल्यांदा चाचरत. फणसाला कसं म्हणायचं?
मग जमलं.

तेवढ्यात रोझलीन :
आणि चिंचेखालचं शेत? ज्याच्यावर तुमचा हॉल उभाय,
पार्किंगसकट? ते कोणी विकलं?

पंखे तेवढे फिरत होते.
मी मान खाली घातली.
त्या व्यवहाराच्या पावतीवरचं अक्षर माझंच.

आम्ही विकलं, फादर म्हणाले.
आवाज माइकमध्ये पोचला नाही, तरी पोचला.
नाव घे त्याचं, रोझलीन.
तिने घेतलं. विसावा वगैरे म्हणाली नाही.
बसलीही नाही. मिस्सा संपेस्तोवर उभी.

खांबाच्या आडोशाला फुलमनी टेटे बसते,
नव्या टॉवरच्या सातव्या मजल्यावर कामाला आहे.
शेवटी तीही उठली. एक नाव घेतलं, तिच्या बोलीतलं.
आम्हाला कळलं नाही. म्हटलं आम्ही,
शांतीत विसावा लाभो.
नंतर समजलं, ती नदी होती.
आम्हाला वाटलं होतं, आई.

सोमवारी टॉवर आणखी एक स्लॅब वर गेला.
मावशी पावती मागायला आली.
तिसाव्या दिवसाची पण लिहून ठेव, म्हणाली,
आणि सुटे परत दे.
विहिरीचे पन्नास ठरले होते, शंभर घेऊ नकोस.

ती गेल्यावर मी खाली आणखी एक ओळ लिहिली,
पेन्सिलीने, खोडता येईल अशी :
चिंचेखालचं शेत.
तारीख घातली.
मिळाले रुपये, तिथे अजून
काही लिहिलेलं नाही.