तीन पॉइंट तीन

अंबडच्या गाळ्यात, पत्र्याखाली,
फेब्रुवारीची पहाट अजून बोटांत होती.
लॅपटॉप म्हणाला : चिप सापडत नाही.
मग सापडली.
मग पुसली गेली, लिहून घेऊ लागली,
आणि अडतीस टक्क्यांवर पुन्हा हरवली,
जत्रेत हात सुटलेल्या पोरासारखी.

मी कोड उघडला.
कोडला शिव्या देणं मला सोपं जातं, तो माझाच असतो.
अल्ताफ कोकणीनं बोर्ड उलटा केला, भिंग लावलं,
"डाग चकचकीत आहेत," म्हणाला, "माझ्याकडे बघू नकोस."
"बघत नाहीये," मी म्हटलं.
बघत होते.

पिंपळगावहून बोरस्त्यांचा तिसरा फोन :
मॅडम, उद्या माल तोडतोय,
थंड खोलीला डोकं कधी बसवताय?
बसवतो, म्हटलं. आमच्याच डोक्यात अडतीस टक्के.

मल्टिमीटर लावला. तीन पॉइंट तीन.
दुसऱ्या पायाला लावला. तीन पॉइंट तीन.
इतका सरळ आकडा
की संशय घ्यायची लाज वाटावी.
मग प्रोग्रॅमर बदलला, ड्रायव्हर काढून परत टाकला,
लॅपटॉप बंद करून चालू केला,
जे सगळेच करतात आणि कोणी कबूल करत नाही.
अडतीस.
एकदा एकेचाळीस झाले, तर उगाच आनंद झाला.

दुपारी भांडलो.
तो म्हणाला तुझं सॉफ्टवेअर, मी म्हटलं तुझं हार्डवेअर,
मग सिन्नरची बुडालेली ऑर्डर निघाली,
गाळ्याचं भाडं निघालं,
गेल्या रमजानात मी एकटीनं घेतलेला एक निर्णय निघाला.
चहावर साय धरली.
मध्येच आईचा फोन. बरी आहेस ना?
बरी आहे, म्हटलं.
तीन पॉइंट तीन.

चारच्या सुमाराला अल्ताफ न बोलता माळ्यावर चढला
आणि मामूंचा स्कोप खाली घेऊन आला.
मामू द्वारकेजवळ रेडिओ दुरुस्त करायचे;
डब्याला अजून त्यांच्या तपकिरीचा वास.
तापायला वेळ लागला. मग हिरवी रेघ.
"आधी काळा चिमटा," तो म्हणाला,
"जमीन एक केल्याशिवाय
कुणाचं काही मोजता येत नाही."
मला वाटलं टोमणा आहे. नव्हता.
तो खरंच चिमटा लावत होता.

मी 'लिही' दाबलं.
रेघ सपाट चालली होती,
पुसायच्या क्षणी खचली,
दोन पॉइंट चारपर्यंत,
आणि लगेच वर आली
काही झालंच नाही असा चेहरा करून.

"मीटर सरासरी सांगतो," अल्ताफ म्हणाला.
"सरासरीत कोणी मरत नाही."

मग शोध सोपा होता.
केबल : मोबाइलच्या चार्जरची, दीड मीटर,
आत केसाएवढी तार. ती त्याची.
आणि चिपच्या पायाशी, शंभर नॅनोच्या कपॅसिटरची जागा :
पांढऱ्या शाईत सी-चार छापलेलं,
वर काहीच नाही.
तो मान खाली घालून म्हणाला, "राहिला बहुतेक माझ्याकडून."
मी यादी उघडली.
ती ओळ दिवाळीत मीच खोडली होती,
नगामागे तीस पैसे वाचवायला.
स्क्रीन त्याच्याकडे वळवली.
त्यानं वाचलं. "हं," म्हणाला.
एवढंच.

तांदळाच्या कणीएवढा तुकडा बसवला,
केबल वीतभर घेतली.
अडतीस. आम्ही दोघंही श्वास धरून.
एकोणचाळीस.
शंभरला रिले एकदा खट् वाजला,
बाहेर कुणाच्या तरी प्रेसचा दणका त्याच वेळी पडला,
त्यामुळे नीट ऐकूही आला नाही.

बोरस्त्यांना फोन लावणार होते,
पण खोक्यात अजून सव्वीस बोर्ड होते,
सगळ्यांच्या सी-चारवर काहीच नाही.
खुर्ची पुढे ओढली.
त्यानं सोल्डरची तार धरली,
मी चिमटा.