टर्बो

ब्रनोत सातव्या मजल्यावर, भावाच्या स्वयंपाकघरात
ल्युबोरनं तो पिवळट पडलेला डबा उघडलाय.
चारशे शहाऐंशी. पंख्यात मांजराचे केस.

खेळ सुरू होतो आणि संपतो.
बोट उचलायच्या आत होडी कड्यावर आपटलेली,
वर आकडा शून्य.
या खेळाला घड्याळ ठाऊकच नाही,
यंत्र पळेल तितकी नदी पळते.

टर्बोचं बटण दाबून काढलं. तरी भरधाव.
मग बायोसच्या निळ्या पडद्यावर जाऊन कॅश बंद,
आतली, बाहेरची,
मुद्दाम लंगडं केलं चांगलं धडधाकट यंत्र.

राडेक टेबलाशी. उजवा हात मांडीवर,
कुणी सांभाळायला देऊन गेल्यासारखा.
मार्चपासून सूप डाव्या हातानंच.
लहानपणी हाच जिंकायचा, दर वेळी,
आणि वर ल्युबोरला गोगलगाय म्हणायचा.

"अजून?"
"अजून थोडं."

आता होडी वळणावर येते,
जवळजवळ थांबतेच,
डावं बोट बाणाच्या कळीपर्यंत पोचेस्तोवर
नदी खोळंबून राहते.

तीनशे चाळीस.

"गोगलगाय," राडेक म्हणतो,
शब्द मध्येच थोडा सांडत.
यंत्राला, की भावाला?
ल्युबोर विचारत नाही. निवलेलं सूप
परत गॅसवर ठेवतो.